जुन्या लॅपटॉपला नवे कोठार

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या आळीतले एक शेतकरी सकाळीच माझ्याकडे आले. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "गुरुजी, पोराचा लॅपटॉप म्हातारा झाला म्हनं. सुरू व्हायला लागला की तोवर माझी धार काढून होते. नवा घ्या म्हणतोय. एवढा पैसा दुसऱ्यांदा आणायचा तर दावणीची म्हैस सोडावी लागंल. तुम्ही एकदा बघता का?"

"कोणत्या तऱ्हेचा आहे लॅपटॉप?" मी विचारले.

"ते खेळाचा का काय म्हणत्यात, त्यातला."

खेळाचा लॅपटॉप म्हणजे गेमिंग लॅपटॉप. हे नाव ऐकले की आपण पालक आणि शिक्षक मंडळी कपाळाला आठ्या घालतो. पण थोडा विचार करून पाहा. पडद्यावरचा खेळ हलता ठेवायचा तर यंत्राला सेकंदाला साठ-साठ चित्रे नव्याने काढावी लागतात. त्यासाठी त्यात जोरकस प्रोसेसर असतो आणि चित्रे काढण्यासाठी वेगळा ग्राफिक्सचा भाग असतो. हाच जोर यंत्राच्या भागांचे आराखडे काढायला, चित्रफीत जुळवायला, नकाशे तयार करायलाही उपयोगी पडतो. तात्यांचा मुलगा यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेला आहे. दिवसा त्याच लॅपटॉपवर आराखडे काढतो, रात्री घटकाभर खेळतो. यंत्र २०१८ साली घेतलेले. तेव्हा असे यंत्र म्हातारे झाले म्हणून टाकून द्यावे की नाही, हा प्रश्न खरोखर विचार करण्याजोगा होता. आजच्या भाषणात त्याचाच उलगडा करायचा आहे.

प्रथम दुखणे कुठे आहे ते पाहू. बैल चालत नसला तर आपण आधी खूर पाहतो, मग खांदा पाहतो. एकदम बाजाराला नेत नाही. लॅपटॉपचेही तसेच आहे. कळफलकावरील कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर नावाचा तक्ता उघडतो. कोणता भाग किती कामात आहे ते त्यात टक्क्यांत दिसते. आम्ही पाहिले तेव्हा प्रोसेसर १० टक्केही कामात नव्हता. मेमरी निम्मी मोकळी होती. आणि डिस्क मात्र १०० टक्के! म्हणजे बाकी सगळे हात बांधून बसले होते आणि एकटी डिस्क धापा टाकत होती.

असे का व्हावे? त्यासाठी आपल्या स्वयंपाकघराकडे पाहा. प्रोसेसर ही सुगरण. मेमरी, जिला रॅम म्हणतात, तो तिचा ओटा. हाताशी लागते ते सामान ओट्यावर. आणि डिस्क म्हणजे धान्याची कोठी. सुगरण कितीही चपळ असली, ओटा कितीही मोठा असला, तरी पीठ, मीठ, तेल आणायला दर वेळी परसातल्या कोठीपर्यंत जावे लागत असेल, तर भाकरी वेळेवर कशी होणार? लॅपटॉप सुरू होताना, कार्यक्रम उघडताना, खेळ सुरू होताना हजारो लहान लहान वस्तू कोठीतून ओट्यावर आणाव्या लागतात. कोठी संथ असली की सगळे घर खोळंबते.

जुनी हार्ड डिस्क संथ का, तेही समजून घेऊ. ग्रामोफोनची तबकडी आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. हार्ड डिस्कमध्ये तशाच चकचकीत चकत्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावर एक हात सरकतो. माहिती चुंबकीय खुणांच्या रूपाने चकतीवर असते. ही युक्ती जुनी आहे. १९५६ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने पहिली डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन टनाच्या घरात होते आणि तिच्यात मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. आज खिशातल्या फोनमधला एखादा फोटोही तेवढी जागा घेतो. तेव्हापासून डिस्क लहान झाली, जागा अफाट वाढली. पण चकती फिरायची आणि हात सरकायचा, हे मात्र बदलले नाही.

शिक्षकबंधूंनी वर्गात घालावे असे एक गणित येथे आहे. लॅपटॉपमधील पुष्कळशा डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेतात; म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सेकंदाचा नव्वदावा भाग, म्हणजे सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हाताखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. ते झाले साडेपाच. हात योग्य जागी सरकायला आणखी सुमारे १० धरा. म्हणजे एका खेपेला १५ मिलिसेकंदांच्या आसपास. सेकंदाला फार तर ६६ खेपा. समजा, लॅपटॉप सुरू होताना अशा १०,००० खेपा पडल्या. गणित करा, १५० सेकंद, म्हणजे अडीच मिनिटे झाली. तात्यांची धार काढून होते ती याच अडीच मिनिटांत आणि पुढच्या कुंथण्यात.

आता नवी कोठी. तिचे नाव सॉलिड स्टेट ड्राइव्ह. सगळे तिला एसएसडी म्हणतात. हिच्यात फिरणारे, सरकणारे असे काहीच नाही. सिलिकॉनच्या चिपांमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात विजेचा भार, म्हणजे इलेक्ट्रॉन, कोंडून ठेवता येतो. भार किती आहे त्यावरून आकडा ओळखायचा. जसे रांजणातल्या पाण्याच्या पातळीवरून किती घागरी शिल्लक ते आपण सांगतो. आज पुष्कळ ड्राइव्हमध्ये एकाच कप्प्यात ८ निरनिराळ्या पातळ्या ओळखतात, काहींत १६. वीज बंद केली तरी हा भार कोंडलेलाच राहतो, म्हणून माहिती टिकते. जपानमधील तोशिबा कंपनीत काम करणारे फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली या तऱ्हेची फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. तिचाच नॅन्ड नावाचा, आज ड्राइव्हमध्ये वापरतात तो प्रकार १९८७ साली पुढे आला. पहिल्या पहिल्या ड्राइव्हपैकी एक १९९१ सालचा. त्यात जागा होती अवघी २० एमबी. आज ५०० जीबी किंवा एक टीबीचा ड्राइव्ह च्युइंगगमच्या पट्टीएवढा असतो.

येथे हात सरकण्याची वाटच पाहायची नसल्याने एका खेपेला मिलिसेकंदाचा दहावा भागदेखील पुरतो. मघाचे १०,००० खेपांचे गणित पुन्हा करा. १५० सेकंदांचे काम एका सेकंदावर येते. प्रत्यक्षात लॅपटॉप सुरू व्हायला इतरही कामे असतात, म्हणून तो एका सेकंदात सुरू होत नाही. पण मिनिटांचे काम १५-२० सेकंदांवर येते, हा पुष्कळांचा अनुभव आहे.

यातही एक गोष्ट साफ सांगितली पाहिजे, कारण दुकानात ती क्वचितच सांगतात. एसएसडी बसवल्याने खेळ लवकर उघडतो, एका प्रदेशातून दुसऱ्यात जाताना थांबावे लागत नाही. पण खेळ चालू असताना सेकंदाला किती चित्रे पडतात, ती संख्या जवळजवळ तीच राहते. ते काम ग्राफिक्सच्या भागाचे. कोठी जवळ आणली म्हणजे सुगरणीचा हात वेगाने चालू लागेल असे नाही. तिचे खोळंबणे मात्र वाचेल. आजचे काही मोठे खेळ एसएसडीशिवाय चालवूच नयेत असे त्यांचे निर्मातेच सांगतात. २०२३ सालचा स्टारफील्ड हा त्यांतलाच. त्याला १२५ जीबी जागा आणि एसएसडी, दोन्ही लागतात.

तर आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पण स्क्रू काढण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, हा खर्च करण्याजोगे यंत्र आहे का? पंखा चालतो का, बॅटरी फुगलेली नाही ना, मेमरी किमान ८ जीबी आहे का, हे पाहावे. खालचे झाकण किंवा कळफलक फुगून वर आलेला दिसला तर बॅटरी फुगली असे समजावे आणि यंत्र वापरणेच थांबवून जाणकाराकडे न्यावे. तसेच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला आहे. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर नाहीत. तसे यंत्र असेल तर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालता येते. मात्र सगळे खेळ तिच्यावर चालतीलच असे नाही.

दुसरी, आत कोणती जागा आहे? २०१७ ते २०१९ च्या सुमारास आपल्याकडे विकल्या गेलेल्या पुष्कळ गेमिंग लॅपटॉपांत फिरती हार्ड डिस्क दिलेली असे आणि शेजारी एम.२ नावाचा एक स्लॉट रिकामाच असे. तात्यांच्या मुलाच्या यंत्रात हेच निघाले. आठ वर्षे त्या रिकाम्या जागेचा पत्ता कोणाला नव्हता! यंत्राच्या पाठीवर मॉडेल क्रमांक असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर घातला की दुरुस्तीची पुस्तिका मिळते. कोणता स्लॉट, किती लांबीचा, कोणत्या जातीचा, हे तीत चित्रासह असते. अंदाजाने खरेदी करू नये.

जाती मुख्यतः दोन. एक साटा, दुसरी एनव्हीएमई. साटा जातीचा ड्राइव्ह सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत वाचतो. त्या काळच्या लॅपटॉपांतील एनव्हीएमई सुमारे ३,५०० पर्यंत. आणि जुनी हार्ड डिस्क शंभर-सव्वाशेच्या घरात. गंमत अशी की दोन्ही जातींचे एम.२ ड्राइव्ह दिसायला बहिणी-बहिणी. काही स्लॉट एकीलाच घेतात, काही दोघींना. एनव्हीएमईला टोकाशी बहुधा एक खाच असते, साटाला बहुधा दोन. परंतु खाच पाहून विसंबू नये, पुस्तिका पाहावी. लांबीचेही मोजमाप नावातच आहे. २२८० म्हणजे रुंदी २२ आणि लांबी ८० मिलिमीटर.

एम.२ ची जागाच नसेल तर जुनी अडीच इंची डिस्क काढून तिच्याच जागी अडीच इंची साटा एसएसडी बसते. लॅपटॉपमध्ये अडीच इंची जागा रिकामी दिसली तरी तिची पातळ केबल आणि चौकट आत आहे ना, ते पाहावे. काही मॉडेलांत मोठी बॅटरी देताना ती जागाच काढून घेतलेली असते. आणि यंत्र उघडायचेच धाडस नसेल तर यूएसबीला लावायचा बाहेरचा एसएसडी मिळतो. खेळ त्यावर ठेवता येतात.

तिसरी गोष्ट, खरेदी. भाव महिन्यागणिक वरखाली होतात, तेव्हा दोन-तीन दुकानी विचारावे; पण नव्या गेमिंग लॅपटॉपच्या मानाने हा खर्च लहानसाच असतो. पक्की पावती घ्यावी, हमी किती वर्षांची ते पाहावे. बाजारात १६ टीबीचा म्हणून मातीमोल भावाने मिळणारा खिशातला ड्राइव्ह दिसला तर हात जोडून पुढे जावे. असे कैक ड्राइव्ह उघडल्यावर आत फोनमधले साधे मेमरी कार्ड चिकटवलेले निघाले आहे. त्यांची लबाडी अशी की ते जागा भरपूर दाखवतात. पण आतली खरी जागा भरली की पुढची माहिती मुकाट्याने नष्ट होते.

मात्र येथे एक गैरसमज नको. एक टीबीचा ड्राइव्ह घेतला आणि यंत्राने ९३१ जीबी दाखवले, तर ती फसवणूक नव्हे. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो, विंडोज १,०२४ च्या पटीने. एकावर बारा शून्ये लिहून १,०२४ ने तीनदा भागून पाहा, ९३१ येतात. मापे वेगळी, धान्य तेवढेच.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि येथे मला थोडे थांबायचे आहे.

मी मुलाला विचारले, "अरे, या डिस्कवर काय काय आहे?"

"काही विशेष नाही गुरुजी. खेळ आहेत, कॉलेजचे आराखडे आहेत, फोटो आहेत." मग जरा घुटमळून म्हणाला, "आणि आजीच्या ओव्या आहेत."

लॉकडाऊनच्या काळात त्याने आजीला जात्यावर बसवून तिच्या ओव्या फोनवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. एकूण ४१. पुढे फोन बिघडला. लॅपटॉपवर उतरवलेली प्रत तेवढी उरली. दुसरी कुठेच नव्हती. आणि हा गडी यंत्र विकून त्यात भर घालून नवे घेणार होता!

"आधी त्या उतरवून घेऊ," मी म्हटले. पेन ड्राइव्ह लावला. ३८ ओव्या उतरल्या. तीन मात्र काही केल्या वाचता येईनात. डिस्कच्या चकतीवर त्या जागा खराब झाल्या होत्या. यंत्र संथ झाले त्याचे एक कारण हेही होते. डिस्क तीच तीच जागा पुन:पुन्हा वाचायचा यत्न करीत होती. आणखी दोन-चार महिन्यांत कदाचित ती पुरतीच बंद पडली असती. आजी सुदैवाने खणखणीत आहेत. त्यांनी त्यांतल्या दोन ओव्या पुन्हा म्हणून दिल्या. तिसरी त्यांना आता आठवत नाही.

तेव्हा श्रोतेहो, यंत्राला हात लावण्यापूर्वी त्यातली अमोल वस्तू बाहेर काढा. बियाणे आपण एकाच मडक्यात ठेवत नाही. एक मडके घरात, एक माळ्यावर, थोडे भावकीत. माहितीचेही तसेच करावे. तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. जाणकार मंडळी जगभर हाच नियम सांगतात. नवा एसएसडी घेतला म्हणून हा नियम सुटत नाही, उलट अधिक लागू होतो. जुनी डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा कुरकुरते, टकटक आवाज करते. एसएसडी मात्र एके दिवशी न सांगता मुकी होऊ शकते. आणि तिच्यावरून चुकून पुसलेली वस्तू परत मिळण्याची आशा फार थोडी, कारण पुसलेली जागा ड्राइव्ह स्वतःच झाडून मोकळी करतो. वर्षानुवर्षे वीज न लावता कपाटात ठेवून देण्याचेही ते साधन नव्हे. कोंडलेला भार हळूहळू झिरपतो.

आणखी एक खबरदारी. पुष्कळ यंत्रांत विंडोज सारी डिस्क कुलूपबंद करून ठेवते. त्याला बिटलॉकर म्हणतात. काही बदल केला की यंत्र ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून शोधून आधीच कागदावर लिहून ठेवावी. किल्ली नसेल तर घर आपले असूनही दार उघडत नाही.

आता प्रत्यक्ष बसवणे. हमीची मुदत चालू असेल तर उघडण्यापूर्वी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारावे. मग लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा. स्वच्छ लाकडी टेबल घ्यावे. सतरंजी, घोंगडे नको. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत स्वेटर काढताना ठिणगी उडते, ती आपल्याला नुसती चुटकी. चिपेला मात्र मरण. म्हणून आधी खिडकीच्या उघड्या लोखंडी गजाला किंवा नळाला हात लावावा. खालच्या झाकणाचे स्क्रू सारखे नसतात, काही आखूड, काही लांब. कागदावर झाकणाचे चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी ठेवावा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर आतला भाग फुटतो. झाकण जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने कडेकडेने सोडवावे. लोखंडी पातीने उचकटू नये.

झाकण निघाल्यावर पहिले काम, बॅटरीचा जोड सोडवणे. मग एम.२ ड्राइव्ह कडांना धरून, तिरपा, सुमारे ३० अंशांत स्लॉटमध्ये सरकवावा. खाच जुळली की तो सहज जातो. जोर लावावा लागला तर कुठेतरी चुकते आहे असे समजावे. मग हलकेच खाली दाबून शेवटचा लहान स्क्रू लावावा, बोटाच्या जोराने, पिळून नव्हे. गेमिंग लॅपटॉप तापतात आणि एनव्हीएमई ड्राइव्हही तापतो. फार तापला की स्वतःहून वेग कमी करतो. म्हणून उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी दिलेली असेल तर तिच्यावरचा पातळ कागद काढून ती लावावी. ड्राइव्हवरचे नाव छापलेले लेबल मात्र सोलू नये. त्याच्यावरच हमी अवलंबून असते. उघडलेच आहे तर पंख्यावरची धूळही ब्रशने झाडून घ्यावी.

पुढचा प्रश्न, विंडोज नव्या ड्राइव्हवर कशी न्यायची? जुनी डिस्क निरोगी असेल तर तिची जशीच्या तशी नक्कल करता येते. त्यासाठी खास कार्यक्रम असतात. डिस्क खराब असेल, आमची होती तशी, तर नक्कल अर्ध्यात अडते. तेव्हा पेन ड्राइव्हवरून नव्याने विंडोज घालावी. त्याच यंत्रावर तीच आवृत्ती घातली की पूर्वीचा परवाना बहुधा आपोआप ओळखला जातो. येथे माझी कळकळीची सूचना अशी की नव्याने घालताना जुनी डिस्क काढून बाजूला ठेवावी. पडद्यावर दोन ड्राइव्हची नावे दिसतात, घाईत चुकीचे निवडले जाते आणि क्षणात सगळे पुसले जाते. जी वस्तू यंत्रात नाही ती पुसली जाणार नाही, हा सरळ हिशेब. काम चालू असताना बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला असावा. आपल्याकडची वीज कधी जाईल याचा नेम नाही.

नवा ड्राइव्ह केवळ जादा कोठी म्हणून बसवला असेल तर तो आपोआप दिसत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याची एकदा ओळख करून द्यावी लागते. तेथे जीपीटी हा पर्याय निवडावा, नवा भाग तयार करावा, की झाले.

हे सारे जमणार नसेल तर तालुक्याच्या दुकानी न्यावे, त्यात कमीपणा नाही. परंतु काम होईपर्यंत समोर बसावे आणि जुनी डिस्क परत मागून घ्यावी. तिच्यावर आपले फोटो, आधार, बँकेची कागदपत्रे असतात. ती डिस्क निरोगी असेल तर लहान यूएसबी डबीत घालून प्रती ठेवायला उपयोगी पडते.

एसएसडी झिजते, हे ऐकून काही जण बिचकतात. झिजते हे खरे. प्रत्येक कप्पा ठराविक वेळाच लिहून पुसता येतो. पण ड्राइव्हच्या आतला नियंत्रक पिकांची फेरपालट करावी तशी लिहिण्याची जागा बदलत राहतो, एकाच वाफ्यावर सारा भार पडू देत नाही. ५०० जीबीच्या काही चांगल्या ड्राइव्हवर ३०० टीबी लिहिण्यापर्यंत हमी असते. रोज ४० जीबी लिहिले तरी ३,००,००० भागिले ४०, म्हणजे साडेसात हजार दिवस झाले, वीस वर्षे. तोवर लॅपटॉपच बदलेल. एवढे मात्र करावे की ड्राइव्ह काठोकाठ भरू नये. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी असली की त्याला फेरपालट करायला वाव राहतो.

आमचे काम एका रविवारी दुपारी आटोपले. मुलाने कळ दाबली. तात्या सवयीने उठून गोठ्याकडे निघाले होते, ते उंबऱ्यापाशीच थांबले. "झालं बी?" त्यांनी विचारले. पडदा उजळला होता.

शिक्षकबंधूंना शेवटी एक विनंती. कितीतरी शाळांच्या कपाटात संथ झाले म्हणून बाजूला ठेवलेले संगणक असतात. ते निकामी म्हणून नोंदवण्यापूर्वी एकदा तो टास्क मॅनेजरचा तक्ता उघडून पाहा. डिस्क १०० टक्के आणि बाकी सारे निवांत असेल, तर यंत्र म्हातारे झालेले नाही. त्याची कोठी तेवढी लांब आहे. आणि ती बदलण्याआधी, आत काय ठेवलेले आहे हे मुलांना, घरच्यांना जरूर विचारा. ड्राइव्ह बाजारात कधीही मिळतो. आजीची ओवी बाजारात मिळत नाही.